ओल्या रानासाठी बंदूक

"ओल्या रानात उडली पाह्यजे," साहेबराव म्हणाले. "बाकी कशी बी असू द्या."

गफूरमियांनी काउंटरवर तीन ठासणीच्या बंदुका मांडल्या. जालन्यातलं त्यांचं दुकान अरुंद होतं आणि बाहेर सकाळपासून भुरभुर लागली होती. साहेबरावांची विधवा सून सुरेखा दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली घरची जुनी बंदूक होती. ती मोडीत देऊन दुसरी घ्यायची, म्हणून दोघं धावड्याहून आले होते.

गफूरमिया एकेक बंदूक उचलून दाखवू लागले. पहिली लांब नळीची. नेम चांगला, पण झाडीत अडकायची. दुसरी आखूड, हाताला हलकी; पण ठिणगी पाडणारी टोपी तिच्यावर उघडीच बसायची, पाऊस थेट तिच्यावर. तिसरीच्या घोड्यावर चामड्याचं झाकण होतं.

"हीच घ्या," ते म्हणाले. "दारू कोरडी ठासायची, टोपीच्या कडेनं मेण लावायचं, नळीच्या तोंडाला मेणकापड बांधायचं. मंग पावसातबी बराबर उडते."

साहेबरावांनी मान हलवली. पण एकाही बंदुकीला त्यांनी हात लावला नाही.

गेल्या श्रावणात डोंगराच्या पायथ्याच्या मक्यात रानडुक्कर शिरलं होतं. सुरेखाचा नवरा अंगद भिंतीवरची बंदूक घेऊन धावला. डुक्कर ओल्या झाडीतून वळून अंगावर आलं, तेव्हा त्यानं चाप ओढला. शेजारचा कचरू बांधावरून बघत होता. टोपी फुटल्याचा नुसता फट आवाज झाला. बार उडालाच नाही. डुकरानं अंगदची मांडी फाडली आणि भोकरदनच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. गाव म्हणालं, दारू ओलसली. साहेबरावही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिले; आज दुकानात आल्याआल्या गफूरमियांनाही तेच सांगितलं होतं.

सुरेखाला मात्र कारण वेगळं वाटत होतं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात तिची लेक पायल शेततळ्यात बुडाली होती. अंगद तिथंच, पाठमोरा, मोटर दुरुस्त करत होता. त्यानंतर तो जेवायचा, रानात जायचा, गुरांना पाणी दाखवायचा. बोलायचा नाही. दुपारी येऊन टांगलेल्या बंदुकीच्या बरोबर खाली भिंतीला टेकून बसायचा. एकदा आपणहून म्हणाला, "हिच्या आवाजाला पायल लई भ्यायची." एवढंच. त्या बोलण्याची सुरेखानं धास्ती घेतली. बंदूक नेहमी ठासूनच टांगलेली असे; टोपी तेवढी ऐनवेळी चढवायची. घरात कुणी नसताना तिनं तांब्यातलं पाणी नळीत ओतलं, बंदूक परसात उलटी धरून निथळवली आणि पदरानं पुसून पुन्हा खुंटीला लावली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट झोप लागली. नवरा वाचला, असं तिला वाटलं होतं.

"जुनी दाखवा," गफूरमिया म्हणाले.

"बघायचं काय तिच्यात?" साहेबराव घाईनं म्हणाले. "तशीच ठिवून घ्या."

"बिगर बघता कशी ठेवू, बाबा? भरलेली असंल तर?"

त्यांनी गोणपाट सोडलं. सुरेखा उभी राहिली. आता नळीतून दारूचा भिजून घट्ट झालेला गोळा निघेल. हे पावसाचं पाणी नव्हे, असं हा माणूस म्हणेल. मग सासरे आपल्याकडे बघतील. बाहेर निघून जावं असं तिला वाटलं, पण ती दाराशीच थांबली.

गफूरमियांनी गज नळीत सोडला. तो सरसर खाली गेला आणि तळाला लागून ठणकन वाजला. त्यांनी पुन्हा सोडून बघितला.

"ही तर रिकामी हाय," ते म्हणाले. "बार उडालाच न्हाई म्हणता, तर गज वरच अडाया पाह्यजे. कोनी उपसली?"

साहेबरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"म्या."

ते स्वतःच पुढं बोलू लागले.

"पोरगं हिच्याखाली बसून राह्यचं. मला लई भ्या वाटायचं. गजाला स्क्रू लावून चिंधी काढली, दारू काढली. कोरडीठाक होती दारू. त्याला सांगायची हिंमत झाली न्हाई. त्या दिशी म्या बाजाराला गेल्तो. घरी असतो तर नेऊ दिली नसती."

सुरेखाला हळूहळू कळलं. तिनं पाणी ओतलं ते रिकाम्या नळीत. वर्षभर जे ओझं घेऊन ती मक्याच्या राखणीला बसत होती, ते तिचं नव्हतंच. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. समोरच्या म्हाताऱ्याची मान खाली गेली होती आणि त्याला एकट्याला त्या ओझ्याखाली ठेवणं तिच्यानं होईना.

"मामा," ती म्हणाली, "म्या बी पाणी ओतलं होतं हिच्यात. त्याच भ्यानं."

साहेबरावांनी वर बघितलं. गफूरमियांनी तिन्ही बंदुका उचलून आवाज न करता कपाटात ठेवल्या.

"दोघंबी बंदुकीपाशी गेलो," साहेबराव म्हणाले. "त्याच्यापाशी एकानं तरी जाया पाह्यजे होतं."