थोरल्या बाईंची आंघोळ

ओला रुमाल फाडकन धाकटीच्या तोंडावर बसला. तिने डोळे मिटून घेतले, पण मागे सरली नाही. मग पलंगावरच्या थोरल्या बाईंनी तिच्या अंबाड्याला हात घातला आणि असा हिसडा दिला, की पिना कोमट पाण्याच्या टबात पडल्या.

"आजचा शेवटचा प्रयत्न हं, मावशी," दाराशी उभी असलेली सिस्टर म्हणाली. "मी पट्टे घेऊन येते."

सिस्टर काही दुष्ट नव्हती. थोरल्या बाईंनी वॉर्डातल्या एका मावशीचं मनगट मुरगळलं होतं, दुसरीला पलंगावर आडवं पाडून दाबून धरलं होतं, तिसरीच्या तोंडात बळेच घास कोंबला होता. त्यांचं अंग पुसायला आता कोणी धजत नव्हतं आणि पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. हात पलंगाला बांधायचे आणि उरकून घ्यायचं, असं ठरलं. बाईंच्या भाच्याने फोनवरून हो म्हटलं. तो बिचारा दुसरं काय म्हणणार. धाकटीने हातापाया पडून एवढी एक सकाळ मागून घेतली होती.

कारण हे हात कोणाचे, ते तिला ठाऊक होतं. याच शुश्रूषागृहात, याच लांबलचक वॉर्डात, थोरल्या बाई सगळ्या मावशांच्या मुख्य होत्या. धाकटी कामाला लागली तेव्हा वेणी घालायची. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याखालचं भांडं उचलताना तिला भडभडून उलटी झाली. थोरल्या बाई रागावल्या नाहीत. भांडं स्वतः उचललं, फरशीही स्वतःच पुसली, आणि होतं असं धाकटे, म्हणाल्या. तेव्हापासून तिचं नाव धाकटी पडलं ते पडलंच. आता तिला नातवंडं झाली तरी ती धाकटीच.

किती चांगले दिवस होते ते. दुपारी दोघी चादरींच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून डबा खायच्या. वाळून आलेल्या चादरींना उन्हाचा वास असायचा. आपल्या डब्यातलं चांगलं तेवढं थोरल्या बाई हिच्या झाकणात टाकायच्या, आणि वर आपलं पोट बिघडल्याची थाप मारायच्या. रोज कसं बिघडतं, हे विचारायची धाकटीची छाती नव्हती. बाईंच्या हाताला गुण होता. ओरडणारे, चावणारे, अंगावर थुंकणारे म्हातारे त्यांच्यापुढे मेणाहून मऊ व्हायचे.

तेच सगळं धाकटी आता करून बघत होती. पुढून यायचं, मागून नाही. तळवे चोळून गरम करायचे आणि मगच अंगाला लावायचे. आधी तोंड, मग मान, मग हात. गुरूची विद्या गुरूला, पण ती काही फळत नव्हती. बाई, मी धाकटी, असं तिने कितीदा तरी सांगितलं. थोरल्या बाईंच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. मार तिला लागत नव्हता, हे लागत होतं.

सिस्टरची पावलं लांब गेली. कामावर असताना कधी करू नये ते धाकटीने केलं. पेशंटच्या पलंगावर बसली. केस सुटलेले, तोंड ओलं, आणि ती लहान पोरीसारखी हमसाहमशी रडायला लागली.

थोरल्या बाईंचा हात पुन्हा वर आला. धाकटीने चुकवला नाही. बोटं केसांत शिरली, पण या वेळी हिसडा बसला नाही. बाईंची बोटं हळूहळू गुंता सोडवत होती. तीन पेड झाले, वेणी झाली. मग थोरल्या बाईंनी रुमाल टबात बुडवला, घट्ट पिळला, त्याची चौपदरी घडी केली आणि धाकटीचं तोंड पुसलं. मग मान, मग हात.

धाकटीने हळूच टबाच्या काठावरचा दुसरा रुमाल उचलला आणि बाईंच्या पाठीला लावला. बाईंनी लावू दिला. त्या हिचा हात पुसत होत्या, ही त्यांची पाठ पुसत होती. जखमा धुऊन झाल्या, मलम लावून झालं, कोरडा झगाही अंगावर चढला. एकदाही झटापट झाली नाही. धाकटीने हरखून विचारलं,

"ओळखलंत ना, बाई?"

"हो गं बाई, हो," थोरल्या बाई म्हणाल्या आणि तिची बोटं पुसू लागल्या.

तेवढ्यात सिस्टर पट्टे घेऊन आत आली. पट्टे दिसताच थोरल्या बाईंनी धाकटीच्या दोन्ही मनगटांवर आपला हात आडवा धरला. आवाज निघाला तो जुना, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाणारा.

"हिला बांधायचं नाही, सिस्टर. रोज झटापट करते, पण मनाने वाईट नाही हो ती. नुसती घाबरते. तुम्ही जा, माझ्याकडून ती नीट पुसून घेते."