पहिला मागणारा

इली नदीवरचा नावाडी इसिरकेप पाहुण्याला घेऊन, पण मासा न आणताच काठाला लागला, तेव्हा शेजारच्या कुल्पाश आपा परात घेऊन उभ्याच होत्या. दीड पुरुष लांबीचा मिशाळ मासा गळाला लागताना अख्ख्या गावाने पाहिला होता. नावेतल्या जर्मन पाहुण्याने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला, त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि त्याला परत पाण्यात सोडून दिलं, हे मात्र लव्हाळ्यांच्या आड घडलं होतं.

“सौगा,” आपा म्हणाल्या.

शिकारीहून परतणाऱ्याला गाठून जो पहिला हा शब्द उच्चारेल, त्याला वाटा द्यावाच लागतो. नाही म्हणायची सोय नाही.

इसिरकेपची पंचाईत झाली. खरं सांगावं तर पाहुणा गावात वेडा ठरणार, आणि मासा निसटला म्हणावं तर स्वतःचं नाक कापलं जाणार. पाहुणा मागे उभा राहून सगळ्यांकडे बघत हसत होता.

“उशीर केलात, आपा. तुमच्याआधी दुसऱ्यानं मागितला.”

“नदीच्या मधोमध कोण आलं होतं मागायला?”

“मासाच. चांगलं तोंड उघडून मागितला त्यानं.”

आपांनी पाहुण्याकडे एकदा नीट पाहिलं आणि परात काखेला मारली.

“बरं, मागितला. पण सौगा म्हणजे वाटा रे. तू अख्खाच देऊन बसलास?”

“कापून दिला असता, तर घ्यायला कोण उरलं असतं?”