कार्डावर कुठंही दाबा

“शेतकऱ्यांच्या अंगठ्याला तुझी इवलीशी लिंक सापडत नाही!” साहेब वैतागले, म्हणून आमच्या शेतीच्या वेबसाइटवर मी सीएसएसनं, म्हणजे पानाच्या मांडणीच्या कोडनं, ती लिंक अदृश्य चादरीसारखी फवारणीच्या विषबाधेची माहिती नि मदतीचा नंबर असलेल्या चौकटीवर, अख्ख्या कार्डावर पसरवली. कार्ड कुठंही दाबा, माहिती उघडायची. सगळे खूश. आज वलगावहून बाबांचा फोन. “माया, तुया काकाले फवारणीत घेरी आली. तुया पानावरचा मदतीचा नंबर दाबून राहिलो, तं फोन लागतच नाही, माहितीच उघडून राहिली!” नंबर चादरीखाली गाडला गेला होता. तपासताना मी सगळं कार्ड दाबून पाहिलं होतं, नंबर तेवढा दाबला नव्हता. स्वतःवर चरफडत तो ऑफिसच्या फोनवरून लावला. घंटी वाजत राहिली. तिकडं कोणी उचललाच नाही. “लागला का वं?” बाबांनी विचारलं. “बाबा, ते पान सोडा! काकाले ऑटोत टाका अन् सरळ अमरावतीच्या दवाखान्यात आणा!”