चुकलं, बाई

स्पीकरमधून आईचा आवाज आला आणि ती वर्गाच्या दारातच थबकली.

आईला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. आज ती विद्यापीठात आपल्या विभागात आली होती ती सेमिनारसाठी नव्हेच. आईला शब्द पुन्हा शिकवतानाचं रेकॉर्डिंग तिने रजा मागताना पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना पाठवलं होतं, घरी काय चाललंय ते त्यांना कळावं म्हणून. पुढे इस्पितळाच्या धावपळीत तिचा फोन पाण्यात पडला. आता आईचा आवाज उरला होता तो सरांकडेच. तेवढा मागून घ्यायचा आणि आल्या पावली परत फिरायचं, असं तिने ठरवलं होतं.

"ये, ये, बस," सर म्हणाले. "तुझंच चाललंय. नावगाव सगळं गाळलंय हं. पुन्हा एकदा लावतो, ऐका रे."

पीएचडीची मंडळी पेनं सरसावून बसली होती. अध्यापन आणि अध्ययन हा विषय. फळ्यावर रकाने आखले होते: प्रश्न, उत्तर, चूक, दुरुस्ती. आणि आज शिकणारी होती तिची आई, अर्धांगवायूच्या झटक्यात निम्मे शब्द गमावलेली.

"हे काय आहे?" रेकॉर्डिंगमधून तिचाच आवाज आला.

"चमचा."

"नाही ना, आई. कप. हं, आता सांग. काय?"

मग आई, सूर लांबवत: "चुकलं, बाऽई."

तिथेच टक्कन आवाज तुटला.

"शिकवणारी फारच घाई करते, सर," पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला. शिकवणारी मागेच बसली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, की असूनही तो बोलला, कोण जाणे.

"आणि शिकणारी पोटच्या मुलीला बाई म्हणते," त्याच्या शेजारची म्हणाली. "मी 'चूक' या रकान्यात टाकलंय. 'ओळख हरवली'."

"छान!" सरांनी ते फळ्यावर उतरवलं. मग मागे येऊन तिच्याशी खालच्या आवाजात म्हणाले, "बघ, तुझ्या प्रबंधाला एक प्रकरण मिळालं. दुःखाचंही सोनं करता आलं पाहिजे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली.

"सर, ओळख हरवली नव्हती. आई जन्मभर शाळेत बाई होती. फळ्याशी उभं केलेलं पोर तोंड पाडून 'चुकलं, बाई' म्हणतं ना, त्याची नक्कल केली तिने. टोमणा होता तो मला. म्हणजे, बघ, कशी मास्तरीण होऊन बसलीयस! तुम्ही सगळे शाळांवर संशोधन करता. एकालाही हा सूर ओळखू येऊ नये?"

सरांनी फळ्यावरच्या नोंदीकडे पाहिलं.

"शक्य आहे," सर म्हणाले. "पण अगं, नोंदीला आधार लागतो. तू म्हणतेस म्हणून कसं लिहायचं?"

"मग पुढचं ऐकवा ना. पुढे आहे सगळं."

"पुढे कुठे काय होतं? शब्दच नव्हते. नुसता गोंगाट. म्हणून मी तो कापला."

"मूळ रेकॉर्डिंग कुठंय?"

"तेच तर कापलं. आख्खं ठेवायचं म्हणजे जागा फार खातं." तिचा चेहरा पाहून सर थांबले. "का गं? काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

बाकाची कड तिने घट्ट धरली.

"आम्ही दोघी हसत होतो," ती म्हणाली. "आजारपण आल्यापासून आई पहिल्यांदा हसली होती. थांबेचना. त्यानंतर कधी हसली नाही."

मग 'ओळख हरवली' म्हणणारी ती मुलगी उठली, फळ्याकडे गेली आणि डस्टर हातात घेऊन सरांकडे वळली.

"सर, मग ही चूक पुसू का?"

सरांनी तोंड उघडायच्या आत मागे उभी असलेली शिकवणारीच म्हणाली, "नको. राहू दे. चूक कोणाची, तेवढं मात्र नीट लिहा."