रंगवलेला पत्रा

डिकीच्या अस्तरामागे सात वायरी होत्या. त्यातल्या एकीतून गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरच्या दिव्यांना वीज मिळाली की मी सामान घेऊन नोकरीच्या गावी निघणार होते. बाबांनी मीटर लावून एकेक वायर तपासली. "शून्य. हीसुद्धा मेलेली. आज काही तुझं जाणं होत नाही बघ." चाळीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाला गाडीत वीज सापडेना! मी वाकून पाहिलं. शेजारी उघडा बोल्ट असताना मीटरचं काळं टोक त्यांनी रंगवलेल्या पत्र्यावर टेकवलं होतं. रंगातून वीज जात नाही, हे मला सहावीत त्यांनीच शिकवलं होतं. "बाबा, हे मुद्दाम ना?" "म्हातारा झालो गं." "काल शेजाऱ्यांचा पंखा तर गप्पा मारत जोडलात!" ते ओशाळून हसले. "उद्या गेलीस तर?" "उद्या तुम्ही बोल्टही रंगवून ठेवाल." मग त्यांनीच टोक उचलून उघड्या बोल्टवर टेकवलं. बारा पूर्णांक चार दशांश व्होल्ट.