मधला दगड

हृदयाची बंद नस उघडल्यावर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी जयसिंगला पडद्यावर दाखवलं, "बंद होती तेव्हा ही नस दोऱ्यासारखी झाली होती. आता बघा, कशी भरलीय. आणि या बाजूच्या बारीक नसांनी तेव्हा तुमचं हृदय जगवलं. आता त्यांना काम उरलं नाही, म्हणून त्या आटल्या."

गावी, रिह्याला, बसमधून उतरल्यावर जयसिंग घरचा चढ एका दमात चढला. बायको, सगुणाबाई, चढाच्या मधल्या दगडावर बसली. चार वर्षं दोघं तिथंच टेकायची, त्याला दम लागायचा म्हणून.

"आता कशाला बसतीस? मला काय बी होत न्हाई," तो वरून म्हणाला.

तिनं छातीवरचा हात पदराखाली घेतला.

"तुमी व्हा फुडं."

तो थांबायचा, तेव्हा तिला स्वतःच्या दमाचं कधी सांगावंच लागलं नव्हतं.