नागराणीशी दोन मिनिटं

२:००
उमापूरच्या नऊ वर्षांच्या संस्कृतीनं स्पर्धेत जिंकलेला व्हिडिओ कॉल लागला. समोर 'नागराणी' मालिकेतली तिची लाडकी अभिनेत्री, फण्याचा मुकुट घालूनच बसलेली. मोबाइल धरून उभ्या लखनमामानं भाचीला कोपरानं ढोसलं. "बोल की गं. म्हैनाभर डोकं खाल्लंस माझं."

१:३१
"मला घाबरत नाहीस ना?" अभिनेत्री हसली.
"न्हाई. तुमी उगं कुणाला चावत न्हाई. ज्याचं चुकलं त्यालाच चावता."
"अगदी बरोबर. सगळे भाग पाहिलेस वाटतं."
"आई अन् मी संगं बघायचो."

०:४८
"मग आईलाही बोलव ना."
"आई न्हाई आता," संस्कृती म्हणाली. "एक इचारू का?"
"विचार ना, बाळा."

०:२०
"नागपंचमीला काही चिरायचं नसतं ना?"
"नसतं."
"आईनं विळीला हातबी लावला नव्हता."

०:०९



"कांदा मी चिरलता. मग उसाच्या फडात तुमी आईला कावून चावलात?"